औषध लागू पडते आहे का? : एच.आय.व्ही. उपचार आणि परवडणाऱ्या तपासण्या

घरात कोणाला ताप आला की आपण औषध देतो आणि दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावून पाहतो. कपाळ गार लागले की औषध लागू पडले असे समजतो. मधुमेह असेल तर साखर तपासतात, रक्तदाब असेल तर दंडाला पट्टा बांधून दाब मोजतात. एच.आय.व्ही.च्या बाबतीत असे वरवर पाहून काही कळत नाही. औषध घेणारा माणूस रोज कामावर जातो, त्याचे वजन वाढलेले असते, चेहऱ्यावर तजेला असतो आणि तरीही रक्तातील विषाणू हळूहळू वाढत असू शकतो. उलट एखाद्याला ताप-खोकला येतो, घरचे घाबरून जातात आणि तपासणीत विषाणू पूर्ण काबूत असल्याचे दिसते. ताप दुसऱ्याच कारणाचा असतो. तेव्हा औषध लागू पडते आहे की नाही, हे सांगायला रक्ताची तपासणीच लागते.

ही तपासणी श्रीमंत देशांत फार पूर्वीपासून होत आली. गरीब देशांत, आणि आपल्या देशातील गोरगरीब वस्त्यांत, ती पोहोचायला अनेक वर्षे लागली. ती का महाग होती, स्वस्त कशी करण्यात आली, तपासणी नसेल तर उपचार थांबवायचे का आणि आज आपण कोणती तपासणी हक्काने मागायची, याची माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी म्हणून हा लेख लिहिला आहे.

औषध स्वस्त झाले, तपासणी महागच राहिली

एच.आय.व्ही. हा विषाणू रक्तातील एका विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. त्यांना सीडी-४ पेशी म्हणतात. शरीरात रोगजंतू शिरला की बाकीच्या संरक्षक पेशींना कामाला लावणाऱ्या या पेशी आहेत. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, त्या साधारण ५०० ते १५०० असतात. विषाणू त्यांच्यात शिरून स्वतःच्या प्रती तयार करतो आणि त्या पेशी नष्ट होत जातात. संख्या २०० च्या खाली गेली की क्षयरोग, न्यूमोनिया, मेंदूज्वर यांसारखे आजार माणसाला गाठतात. या अवस्थेला एड्स म्हणतात.

१९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली. ही औषधे विषाणूला नव्या प्रती तयार करू देत नाहीत. शरीरात लपलेला विषाणू त्यांनी समूळ जात नाही, म्हणून ती रोज आणि आयुष्यभर घ्यावी लागतात. सुरुवातीला त्यांचा खर्च एका माणसामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी हीच तीन औषधे एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवा संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत, देण्याची तयारी दाखविली. त्यानंतर किमती उतरतच गेल्या. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते.

औषध असे आवाक्यात आले, पण ते लागू पडते आहे का हे पाहणारी यंत्रे लाखो रुपयांची होती. त्यांना वातानुकूलित खोली, अखंड वीज, परदेशी रसायने आणि शिकलेला तंत्रज्ञ लागे. आफ्रिकेतील कित्येक जिल्ह्यांत असे एकही यंत्र नव्हते. मग प्रश्न उभा राहिला, की जेथे तपासणी नाही तेथे औषध द्यावे की नाही?

पीक आणि अळी

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी तपासण्यांचे प्रकार समजून घेऊ. ते मुख्यतः तीन आहेत.

पहिली सीडी-४ पेशींची मोजणी. शरीराची ताकद किती उरली आहे हे ती सांगते.

दुसरी विषाणूभाराची मोजणी. दवाखान्यात तिला ‘व्हायरल लोड’ असेच म्हणतात. एक मिलिलीटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती आहेत हे ती सांगते.

तिसरा गट औषधांचा त्रास होतो आहे का हे पाहणाऱ्या साध्या तपासण्यांचा. झिडोव्हुडीन या औषधाने काहींचे रक्त कमी होते, म्हणून हिमोग्लोबिन पाहावे लागते. नेव्हिरापीनने यकृताला सूज येऊ शकते, म्हणून यकृताची तपासणी करतात. टेनोफोव्हिरचा परिणाम मूत्रपिंडावर होऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिन पाहतात. या तपासण्या तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होतात. हिमोग्लोबिनसाठी तर जागतिक आरोग्य संघटनेने रंगपट्टी तयार करवून घेतली होती. टिपकागदावर रक्ताचा थेंब टाकायचा आणि त्याचा लाल रंग पट्टीवरील छटांशी ताडून पाहायचा. वीज नको, यंत्र नको.

पहिल्या दोन तपासण्यांतील फरक शेतकऱ्याच्या घरातील विद्यार्थ्याला लगेच समजेल. तुरीवर अळी पडली तर नुकसान दोन रीतींनी कळते. एक, शेंगा मोजून. दुसरी, झाडाखाली पोते अंथरून झाड हलवायचे आणि खाली पडलेल्या अळ्या मोजायच्या. शेंगा कमी झालेल्या दिसेपर्यंत अळीने आपले काम केलेले असते. अळ्या मोजणाऱ्याला धोका आधी कळतो. सीडी-४ मोजणे म्हणजे शेंगा मोजणे आणि व्हायरल लोड मोजणे म्हणजे अळ्या मोजणे. औषध निकामी होऊ लागले की आधी विषाणू वाढतो, त्यानंतर काही महिन्यांनी सीडी-४ पेशी घटतात आणि सर्वांत शेवटी माणूस आजारी पडतो.

सीडी-४ मोजण्याच्या स्वस्त वाटा

सीडी-४ पेशी सूक्ष्मदर्शकाखाली इतर लिंफोसाइट पेशींसारख्याच दिसतात. नुसते पाहून वेगळ्या ओळखू येत नाहीत. त्यासाठी त्यांना चिकटणारी आणि चमकणारा रंग लावलेली प्रतिपिंडे रक्तात मिसळतात. मग ‘फ्लो सायटोमीटर’ या यंत्रात पेशी एकामागे एक लेसर किरणासमोरून जातात आणि चमकणाऱ्या पेशी यंत्र मोजते. तपासणी अचूक आहे, पण रक्त ताजे लागते. एक-दोन दिवसांत नमुना यंत्रापर्यंत पोहोचला नाही तर पेशी मरू लागतात. दुर्गम भागातील बाईचा नमुना वेळेत शहरात कसा पोहोचणार?

पहिला उपाय अगदी साधा होता. सर्व प्रकारच्या लिंफोसाइट मोजायच्या. ही मोजणी कोणतीही लहान प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकावर करू शकते. ही संख्या १२०० किंवा त्याहून कमी असेल आणि आजाराची लक्षणेही असतील तर औषध सुरू करावे, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २००२-०३ च्या सुमारास सीडी-४ ची सोय नसलेल्या ठिकाणांसाठी केली होती. औषध केव्हा सुरू करावे हे ठरवायला तिचा थोडाफार उपयोग झाला. औषध लागू पडते आहे का, हे मात्र तिने नीट कळत नसे.

दुसरा उपाय चुंबकाचा. सूक्ष्म चुंबकीय मण्यांवर प्रतिपिंडे लावून ते रक्तात मिसळतात. सीडी-४ पेशी मण्यांना चिकटतात. नळीबाहेर चुंबक धरला की मणी पेशींसह एका बाजूला ओढले जातात, मग त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. खर्च कमी, पण तंत्रज्ञाचे डोळे आणि मान दुखून येते. दिवसभरात मोजकेच नमुने होतात.

तिसरी वाट दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी दाखविली. त्यांनी यंत्र तेच ठेवले आणि मोजणीची रीत बदलून महाग प्रतिपिंडांची गरज कमी केली. लाखो रुग्ण असलेल्या देशात प्रत्येक नमुन्यामागे वाचलेला पैसा मोठा ठरला.

चौथी वाट २०१० च्या सुमारास आली. बोटाला सुई टोचून घेतलेल्या थेंबावर वीस मिनिटांत सीडी-४ सांगणारे, टेबलावर मावणारे लहान यंत्र निघाले. मोझांबिकमधील ग्रामीण आरोग्य केंद्रांत ते वापरून पाहण्यात आले व त्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी, एच.आय.व्ही. असल्याचे कळलेल्या १०० जणांपैकी ६४ जण औषध सुरू होण्याआधीच गळून जात. यंत्र जागेवर आल्यावर हे प्रमाण ३३ वर आले. रिपोर्ट त्याच दिवशी हातात पडत असल्यामुळे दुसऱ्या खेपेचे भाडे आणि बुडणारी मजुरी वाचली, हे त्याचे कारण. तपासणीची खरी किंमत मोजताना रुग्णाचा प्रवास आणि बुडालेला रोजही धरला पाहिजे.

तपासणी नसेल तर औषध द्यावे का?

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. याचे उत्तर शोधण्यासाठी युगांडा आणि झिंबाब्वे या दोन देशांत २००३ पासून एक मोठी चाचणी झाली. तिचे नाव ‘डार्ट’. आजार बराच वाढलेले ३,३१६ रुग्ण तिच्यात होते. सर्वांना औषधे सारखीच दिली. निम्म्या रुग्णांच्या डॉक्टरांना दर तीन महिन्यांनी सीडी-४ व इतर तपासण्यांचे निकाल मिळत. उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत डॉक्टर रुग्णाला तपासून, विचारपूस करून आणि गरज वाटली तरच साध्या तपासण्या मागवून निर्णय घेत. सीडी-४ चा आकडा त्यांना कळविला जात नसे.

पाच वर्षांनंतर, नियमित तपासण्या झालेल्या गटात १०० पैकी ९० रुग्ण जिवंत होते, तर केवळ लक्षणांवरून लक्ष ठेवलेल्या गटात ८७. औषधांचे गंभीर दुष्परिणाम दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. सीडी-४ पाहण्याचा फायदा दिसू लागला तो दुसऱ्या वर्षानंतर.

या निकालाचे दोन अर्थ नीट ध्यानात घेतले पाहिजेत. प्रयोगशाळा नाही म्हणून कोणाला औषध नाकारणे हा त्याच्यावर अन्याय आहे. साध्या दवाखान्यातील जाणती परिचारिका आणि रोज मिळणारी गोळी यांनीच बहुतेकांचा जीव वाचतो. हा पहिला अर्थ. दुसरा असा, की १०० पैकी तीन माणसांचा फरक हा लहान आकडा नाही. ती तिघे कोणाच्या तरी घरची असतात. म्हणून उपचार तपासणीसाठी अडवू नयेत, आणि तपासणी परवडेल इतकी स्वस्त करण्याचे कामही सोडू नये.

शिवाय सीडी-४ वर विसंबण्यात एक दोष होताच. औषध निकामी झाल्याचे त्यातून उशिरा कळते. तोपर्यंत विषाणू औषधाला सरावतो आणि दुसरी, अधिक महाग औषधे लागतात. उलट काहींचे सीडी-४ दुसऱ्याच कारणाने घटते आणि त्यांचे चांगले चाललेले औषध विनाकारण बदलले जाते. या कारणांमुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये, उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी व्हायरल लोड ही तपासणी पसंतीची ठरविली.

एका प्रतीच्या शंभर कोटी प्रती

व्हायरल लोड मोजतात कसा? रक्तात विषाणू इतका सूक्ष्म आणि विरळ असतो की तो थेट दिसत नाही. म्हणून आधी त्याच्या जनुकीय द्रव्याच्या प्रती काढतात. ‘पी.सी.आर.’ हे तंत्र अमेरिकेतील कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये शोधले. त्याबद्दल त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्रात प्रत्येक फेरीला प्रती दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशा ३० फेऱ्या झाल्या की एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. कितव्या फेरीला यंत्रात प्रकाशाची खूण उमटली यावरून मूळ विषाणू किती होता ते ठरते. लवकर उमटली तर विषाणू जास्त, उशिरा उमटली तर कमी.

जे तंत्र एका प्रतीच्या कोट्यवधी करते, तेच चुकून उडालेल्या कणाच्याही कोट्यवधी करते. म्हणून या प्रयोगशाळेत नमुना तयार करण्याची खोली वेगळी आणि प्रती वाढविण्याची खोली वेगळी ठेवावी लागे. रक्तद्रव काही तासांत, फार तर एका दिवसात, पेशींपासून वेगळा करून थंड ठेवावा लागे. तपासणी महाग होण्याची कारणे ही होती.

किमतीच्या बाबतीत सामुदायिक खरेदीने मोठे काम केले. अनेक देशांची मागणी एकत्र करून संयुक्त राष्ट्रांचा एड्स कार्यक्रम व इतर संस्थांनी २०१४ मध्ये एका मोठ्या उत्पादकाशी करार केला आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी एका तपासणीची कमाल किंमत ९.४० डॉलर ठरली. एकटा गिऱ्हाईक घासाघीस करतो आणि सारा गाव मिळून मागणी करतो, यात जो फरक असतो तोच येथे दिसला.

खर्च वाचविण्याची दुसरी युक्ती नमुने एकत्र करण्याची. समजा, पाच जणांचे रक्तद्रव सारख्या प्रमाणात मिसळले. प्रत्येकाचा विषाणू त्या मिश्रणात एक-पंचमांश झाला. पाचांपैकी एकाचाच भार १००० असेल तर मिश्रणात २०० दिसेल. म्हणजे मिश्रणात २०० पेक्षा कमी दिसले, तर पाचही जण १००० च्या खाली आहेत, हे एकाच तपासणीत कळले. जास्त दिसले तर पाचांचे नमुने वेगवेगळे तपासायचे. बहुतेक रुग्णांचे औषध लागू पडत असेल तेथे ही युक्ती पैसा वाचवते; बऱ्याच जणांचे बिघडले असेल तेथे दुप्पट काम होते.

टिपकागदावरचा थेंब

सर्वांत सोपी आणि सुंदर सोय जाड टिपकागदाची आहे. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात नवजात बाळांच्या एका जन्मजात विकाराची तपासणी करण्यासाठी टाचेतील रक्त कागदावर सुकवून पाठविण्याची पद्धत रूढ केली. तीच पद्धत एच.आय.व्ही.साठी उपयोगी पडली. कागदावर छापलेली वर्तुळे रक्ताने भरायची, सावलीत काही तास पूर्ण सुकू द्यायची, मग ओल शोषणाऱ्या पुड्यांसह बंद पाकिटात घालून साध्या टपालानेही पाठवायची. बर्फ नको, फुटणाऱ्या नळ्या नकोत.

लहान मुलांच्या बाबतीत तर ती वरदान ठरली. बाधित आईच्या बाळात आईकडून आलेली प्रतिपिंडे दीड वर्षापर्यंत असू शकतात. त्यामुळे नेहमीची प्रतिपिंडांची तपासणी बाळ निरोगी असले तरी ‘बाधित’ असे दाखवते. बाळात खरोखर विषाणू आहे का, हे पी.सी.आर.नेच कळते. बाधित बाळाला वेळेवर औषध मिळाले नाही तर पहिल्या दोन वर्षांतच धोका फार मोठा असतो. आपल्या देशात २०१० पासून टिपकागदावरील थेंबाने बाळांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमात सुरू झाली.

मोठ्या माणसांचा व्हायरल लोडही या थेंबावर मोजता येतो, मात्र त्याला मर्यादा आहे. थेंबात रक्त थोडे असते, म्हणून कमी भार सुटून जातो. शिवाय पूर्ण रक्त असल्यामुळे पेशींत दडलेल्या विषाणूचे द्रव्यही मोजले जाऊन आकडा कधी फुगतो. म्हणून १००० च्या आसपासचा आकडा आला तर डॉक्टर तो जपून वाचतात.

यंत्र रुग्णाच्या जवळ

पुढची पायरी म्हणजे सगळी प्रयोगशाळा एका बंद डबीत घालण्याची. नमुना डबीत टाकायचा, डबी यंत्रात सरकवायची आणि सुमारे दीड तासाने निकाल वाचायचा. डबी बंद असल्यामुळे कण उडून गोंधळ होण्याची भीती राहत नाही व वेगळ्या खोल्याही लागत नाहीत. क्षयरोगासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत गेलेल्या जीनएक्सपर्ट यंत्राची व्हायरल लोडची डबी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मान्य केली. एकाच यंत्रावर दोन रोगांचे काम होऊ लागले. याच विचाराने आपल्याकडे गोव्याच्या एका कंपनीने बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र तयार केले. क्षयरोगाच्या तपासणीसाठी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

यंत्र जवळ आल्याने काय फरक पडतो? दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात ३९० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना व्हायरल लोडचा निकाल दवाखान्यातच त्याच दिवशी मिळाला व ज्यांची देखभाल प्रशिक्षित परिचारिकांनी केली, त्यांच्यापैकी वर्षानंतर १०० पैकी सुमारे ९० जण उपचारात टिकून होते आणि त्यांचा विषाणू काबूत होता. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ७६ होते.

सीडी-४ चे महत्त्व मात्र संपलेले नाही. औषध सुरू करताना किंवा मध्ये सुटलेला रुग्ण परत येतो तेव्हा त्याची ताकद किती उरली आहे हे कळलेच पाहिजे. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील बर्नेट संस्थेच्या संशोधनातून एक पट्टी निघाली. गर्भ राहिला आहे का हे पाहणाऱ्या पट्टीसारखीच ही असते. सीडी-४ २०० च्या वर आहे की खाली, एवढेच ती यंत्राशिवाय पाऊण तासाच्या आत सांगते. खाली असेल तर लघवीवरून क्षयरोगाची आणि रक्तावरून क्रिप्टोकॉकस या बुरशीची, अशा आणखी दोन पट्ट्या वापरून जीवघेणे आजार वेळेवर ओळखता येतात.

आपल्याकडे काय सोय आहे?

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सुरुवातीची अनेक वर्षे दर सहा महिन्यांनी सीडी-४ मोजत आणि संशय आला तरच व्हायरल लोड करीत. २६ फेब्रुवारी २०१८ रोजी केंद्र सरकारने उपचार घेणाऱ्या सर्वांसाठी नियमित व्हायरल लोड तपासणी सुरू केली. औषध सुरू केल्यानंतर सहाव्या महिन्यात, मग बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा ही तपासणी ए.आर.टी. केंद्रामार्फत मोफत होते.

निकाल वाचायचा कसा? १००० च्या वर आकडा आला म्हणजे लगेच औषध निकामी झाले असे नाही. बहुतेक वेळा गोळ्या चुकलेल्या असतात. कोणी कामासाठी परगावी गेले, कोणाच्या घरात आजाराची वाच्यता नसल्यामुळे गोळी लपून घ्यावी लागते, कोणाच्या घरात पोटभर खायलाच नाही. अशा वेळी समुपदेशक समजून घेतात, अडचण दूर करायला मदत करतात, आणि सुमारे तीन महिने गोळ्या नीट घेतल्यावर तपासणी पुन्हा करतात. तरीही आकडा वरच राहिला तर औषध बदलण्याचा विचार होतो. रुग्णाला रागावून हे काम होत नाही.

‘विषाणू आढळला नाही’ असा निकाल आला म्हणजे रोग गेला असेही नाही. गोळ्या थांबविल्या की काही आठवड्यांत विषाणू परत येतो. पण या निकालाचा आणखी एक मोठा अर्थ आहे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एका चाचणीत, लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये दिसून आले. या चाचणीत पुणे आणि चेन्नई येथील जोडपीही होती; पुण्यातील काम भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत झाले. पुढील अभ्यासांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की तपासणीत विषाणू आढळत नसलेल्या आणि औषध नियमित घेणाऱ्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ज्या माणसाला घरात वेगळे ताट दिले गेले, ज्याच्या लग्नाचा विषय बंद झाला, त्याच्या हातातील तो रिपोर्ट काय मोलाचा असेल याची कल्पना करावी. (ताट-वाटीतून तर हा रोग कधीच पसरत नव्हता.)

आपण काय करावे?

१. उपचार घेणाऱ्या प्रत्येकाने वर्षाची तपासणी झाली का, हे स्वतः विचारावे. नुसते रक्त देऊन थांबू नये. निकाल काय आला आणि पुढे काय करायचे, हे समजावून घ्यावे. फाइलमध्ये पडून राहिलेला रिपोर्ट कोणाच्याही उपयोगाचा नाही.

२. तपासणी राहिली म्हणून गोळ्या थांबवू नयेत. यंत्र बंद असेल, रसायन आले नसेल, तरी गोळी चालूच ठेवावी व पुढची तारीख घ्यावी.

३. कोणाला एच.आय.व्ही. आहे याची चौकशी करू नये. कळलेच तर ते आपल्यापाशी ठेवावे. २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीशिवाय तपासणी करणे व माहिती उघड करणे यांवर बंधन घातले आहे. नोकरी, शाळा, घर, दवाखाना येथे भेदभाव करण्यास मनाई आहे.

४. सोबतीची गरज असलेल्या शेजाऱ्याबरोबर केंद्रावर जावे. एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी एवढ्यासाठी तपासणी चुकत असेल, तर तेवढी मदत मंडळाला जड नाही.

५. विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेच्या कामाकडे लक्ष द्यावे. डॉक्टर होणे सर्वांना जमत नाही; पण बारावीनंतर डी.एम.एल.टी. करून तंत्रज्ञ झालेला मुलगा किंवा मुलगी तालुक्याच्या ठिकाणी शेकडो लोकांच्या रक्ताचा खरा आकडा सांगू शकते. चुकीचा आकडा एखाद्याचे चांगले औषध बंद करतो, बरोबर आकडा एखाद्याचे आयुष्य वाढवतो.

औषध महाग होते तेव्हा अनेकांनी ‘गरिबांना ते परवडणार नाही’ असे म्हणून हात झटकले होते. ते परवडेल असे करून दाखविण्यात आले. तपासणीच्या बाबतीतही तेच म्हटले गेले आणि टिपकागद, चुंबकाचे मणी, पट्ट्या व बंद डब्या यांनी तेही खोटे ठरविले. ही साधने आता देशात आहेत आणि केंद्रावर मोफत आहेत. वर्षातून एकदा दंड पुढे करून ती वापरणे आणि निकाल हातात घेऊनच घरी परतणे, एवढे काम आपल्याकडे उरले आहे.